मूळ की दांडी

सांगलीला गेले होते चष्म्याचा नंबर बघायला.
डोळ्यांत औषध घातलेलं, रस्ताभर सगळं धूसर,
आणि नेमिनाथनगरच्या प्रदर्शनात
त्या धुसरात एकच जांभळं, जागच्या जागी ठाम.
तीन घेतली. साडेतीनशेला एक.
फुलं असलेली नव्हेत, ती सातशेला होती.
नुसती पानं,
आणि एक चिठ्ठी, जिच्यावरचं नाव
मणेराजुरीत कुणाच्या तोंडात बसत नाही.
आमरी म्हणा काकू, म्हणाला बेळगावचा पोरगा. चालतंय.

एसटीत पिशवी मांडीवर.
शेजारणीनं डोकावून विचारलं, कोबी का?

घरी ह्यांचा पहिला प्रश्न:
किती दिवसांत?

आमच्यात सगळ्याला दिवस असतात.
गोडी छाटणी झाली की भिंतीवर रेघ.
दहाव्या दिवशी डोळा फुगतो,
चाळिसाव्याला फुलोरा, रानभर मंद वास,
ऐंशीला मण्यात पाणी उतरतं,
सव्वाशेव्या दिवशी व्यापारी बांधावर
आणि भाव पाडायला त्याला एक ढग पुरतो.
मी लग्न होऊन आले तेव्हाही
सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं होतं.
ते दिवस भरले, उलटले.
आठ वर्षांनी तेजल झाली
तेव्हा मोजणारं कुणी उरलं नव्हतं.

ठाऊक नाही, म्हटलं मी.
“ठाऊक न्हाई म्हंजे?”

पहिलं पाण्यानं गेलं. माझ्याच हातानं.
ठिबकच्या गावात राहून मी तांब्या ओतत होते.
दुसरं कशानं गेलं, कळलं नाही;
एका सकाळी पान सहज हातात आलं,
कॅलेंडरचं यावं तसं.
तिसरं न्हाणीच्या खिडकीत टांगलं.
नारळाच्या शेंड्या, लोहाराकडचा कोळसा,
आंघोळीची वाफ फुकट.
बांडगूळ गं ते, म्हणाल्या इंदूबाई.
बांडगूळ झाडाचं खातं.
हे कुणाचंच खात नाही, नुसतं धरून असतं.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आसपास
पानाच्या बगलेतून हिरवं टोक.
मी गल्लीभर सांगितलं.
वाण लुटायला आलेल्या बायका
तिळगूळ हातात तसाच धरून
न्हाणीत दाटीनं उभ्या.
पंचवीस दिवस ते वाढलं,
वळलं, खाली आलं, चंदेरी झालं
आणि भिंतीला चिकटलं.
मूळ.

बेळगावला फोन केला. पोरगा हसला नाही, हे त्याचं चांगलं.
टोक बघायचं काकू. गोल, गुळगुळीत असलं तर मूळ.
चिमट मिटल्यासारखं असलं तर दांडी.
आणि मूळ आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका,
जगायचं ठरवलंय त्यानं.

इंदूबाई मात्र वर्षभर
डबा परत द्यायला आल्या तरी विचारत,
काय गं, फुललं का तुझं मूळ?

यंदा फुलोऱ्यातच पाऊस झाला.
हे दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी न्हाणीतून हाक.
टॉवेल विसरले असतील म्हणून गेले,
तर कानामागं साबण तसाच,
मान वर, खिडकीकडं.
“ह्ये बघ. डोळा हाय का न्हाई?”
तीस वर्षं वेलीवरचे डोळे वाचणारा माणूस.
माझा चष्मा बाहेर राहिलेला,
वाफेत मला नुसतं हिरवं दिसलं.
हात पुढं केला तर म्हणाले, चाचपू नगंस, मोडंल.

असेल मूळच, म्हटलं मी.
असू दे, म्हणाले.
मग बादलीत तांब्या बुडवता बुडवता,
कुणाला सांगू नगंस एवढ्यात.

या वेळी भिंतीवर रेघ नाही.
ते मोजत नाहीत, मीही नाही.
आज अठरावा दिवस.